डोंगरगावची हाडं आणि पिसदुऱ्याची विष्ठा: देहाचे जीवाश्म आणि खुणांचे जीवाश्म वेगळे कसे?

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या आसपास डोंगरगाव आणि पिसदुरा अशी दोन गावं आहेत. भूविज्ञानाच्या वर्तुळाबाहेर ती फारशी कुणाला ठाऊक नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. जीवाश्मांचे दोन मोठे प्रकार शेजारी शेजारी ठेवून समजून घ्यायचे तर यापेक्षा चांगली जोडी महाराष्ट्रात मिळणार नाही. दोन्हीकडे लॅमेटा नावाचे गाळाचे थर आहेत. दख्खनचा लाव्हा वर पसरण्याआधी, डायनासोरांच्या शेवटच्या काळात, म्हणजे साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी ते साचले.

डोंगरगावला १९८०च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. मानेचे, पाठीचे आणि शेपटीचे मणके, कंबरेची हाडं, खांदा, पुढचा पाय. नुसतं दंडाचं हाडच जवळजवळ दीड मीटर लांब. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि सास्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळालं. भारतात सापडलेल्या टायटॅनोसॉर गटातल्या सांगाड्यांमध्ये हा सर्वात पूर्ण मानला जातो. पण त्यात कवटी नाही. म्हणजे दात नाहीत, जबडा नाही. हा प्राणी केवढा होता, कसा उभा राहत होता, कुणाचा नातलग होता हे ती हाडं भरभरून सांगतात. तो काय खात होता यावर मात्र गप्प बसतात.

पिसदुऱ्याला नेमकं तेच सापडतं. तिथे शेतांतून दगड झालेली विष्ठा मिळते. शास्त्रज्ञ तिला कॉप्रोलाइट म्हणतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच पिसदुऱ्याचे जीवाश्म गोळा केले होते आणि १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी इथल्या कॉप्रोलाइटचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. हाड हा देहाचा जीवाश्म, विष्ठा हा खुणेचा जीवाश्म. इंग्रजीतून आलेले ‘बॉडी फॉसिल’ आणि ‘ट्रेस फॉसिल’ हे शब्दही आपल्याकडे सर्रास चालतात.

हाड आणि विष्ठा यांत कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो ठशांच्या बाबतीत. दगडात शिंपल्याचा ठसा आहे, शिंपला कधीच विरघळून गेलाय. दुसऱ्या दगडात पावलाचा ठसा आहे, प्राणी कधीच निघून गेलाय. दोन्हीकडे वस्तू नाही, नुसती तिची पोकळी. मग दोन्ही एकाच जातीचे म्हणायचे का? नाही. शिंपल्याचा ठसा देहाच्या जीवाश्मांतच मोजतात, कारण त्यात शरीराच्या भागाचा आकार उतरलाय आणि तो उतरायला त्या जिवाने काहीही करायची गरज नव्हती. नुसतं गाळात पडून राहणं पुरे होतं. पाऊलखूण उमटायला मात्र कुणीतरी जिवंतपणी पाऊल टाकावं लागतं. देवघरातला शाळिग्राम घ्या. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांमध्ये चक्रासारखी जी नक्षी दिसते, ती अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाच्या शंखाची असते. बऱ्याचदा तिथे मूळ शंखाचा कणही उरलेला नसतो, फक्त त्याचा साचा उरतो. तरीही तो देहाचाच जीवाश्म. आणि असाच रिकामा शंख पाण्याच्या ओढीने तळावर घरंगळत जाऊन चिखलात रेघ उमटवून गेला असेल, तर ती रेघ खुणांच्या जीवाश्मांतही धरत नाहीत. तिथे कुणी जिवंत नव्हतंच.

म्हणून शरीर शिल्लक आहे का, हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं: इथे शरीराचा आकार टिकलाय की वागणं टिकलंय? पावलं, सरपटल्याच्या रेघा, बिळं, लाकडाला आणि शिंपल्यांना पाडलेली भोकं, दातांचे व्रण, विष्ठा हे सगळं वागणं. हाडं, दात, कवचं, पानं, लाकूड, परागकण हे सगळं शरीर. कात टाकणाऱ्या प्राण्यांची दगड झालेली कातसुद्धा शरीरातच मोजतात. अंड्यांबाबत मात्र जरा जपून बोलावं लागतं. अंड्याचं कवच हा देहाचा भाग मानला जातो, पण ती अंडी खड्ड्यात कशी रचली आणि घरटी एकमेकांपासून किती अंतरावर केली, ही माहिती वागण्याची. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून टायटॅनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, त्या एकाच शोधात दोन्ही प्रकारचा पुरावा होता.

आता पिसदुऱ्याकडे परत जातो, कारण तिथलं काम फार सुंदर आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, त्यांच्यासोबत कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकारी यांनी इथल्या कॉप्रोलाइटमधून फायटोलिथ वेगळे काढले. फायटोलिथ म्हणजे वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण. वनस्पतीच्या गटागणिक त्यांचा आकार वेगळा असतो, त्यामुळे पान कुजून गेलं तरी कणावरून गट ओळखता येतो. त्यात नारळ-ताडाच्या कुळातल्या आणि सूचिपर्णी झाडांचे कण होतेच, पण गवताचेही होते आणि तेही एकापेक्षा जास्त प्रकारच्या गवतांचे. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली, कारण गवतं फोफावली ती डायनासोर गेल्यानंतर, असाच सर्वसाधारण समज होता. पुढे २०११ मध्ये याच कणांवरून, भात ज्या गटात येतो त्या गटाची मुळंही डायनासोरांच्या काळापर्यंत मागे नेता आली.

याच कॉप्रोलाइटमध्ये पानांवर वाढणाऱ्या बुरशीही मिळाल्या. द्राक्षबागायतदाराला भुरी आणि करपा हे शब्द नव्याने सांगायला नकोत. ते रोग आणणाऱ्या बुरशींच्या गटांतल्याच या बुरशी. त्या पानांवर येतात, म्हणून अभ्यासकांनी अंदाज बांधला की हे प्राणी झाडांची पानं ओरबाडून खात असावेत. फायटोलिथ आणि बुरशी हे स्वतः देहाचे जीवाश्म आहेत, वनस्पतीच्या आणि बुरशीच्या देहाचे. ते एका प्राण्याच्या खुणेच्या पोटात टिकून राहिले. एका प्रकाराने दुसऱ्याला सांभाळून ठेवल्याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तरी एक गोष्ट ठामपणे म्हणता येत नाही: ही विष्ठा इसिसॉरसचीच होती, असं. आकार, आतला ऐवज आणि त्याच थरांत मिळणारी हाडं यांवरून ती टायटॅनोसॉरांची मानली गेली. विष्ठेवर मालकाचं नाव नसतं. खुणांच्या जीवाश्मांची ही कायमची अडचण आहे, आणि त्यामुळेच खुणांना वेगळी नावं देण्याची पद्धत पडली. जर्मनीत १८३५ मध्ये हाताच्या पंजासारख्या दिसणाऱ्या काही पाऊलखुणांना ‘किरोथेरियम’ असं नाव दिलं गेलं. कुणी त्या अस्वलाच्या म्हणालं, कुणी माकडाच्या, कुणी बेडकाच्या जातीतल्या. जवळपास १३० वर्षांनी, १९६५ मध्ये, स्वित्झर्लंडमधून वर्णन झालेल्या टिसिनोसुकस या मगरींच्या दूरच्या नातलगाचे पाय त्या ठशांशी जुळतात असं दिसलं. तरीही ठशाचं नाव वेगळंच राहिलं, आणि ते योग्यच आहे. एकच प्राणी चालताना एक खूण सोडतो, बसताना दुसरी, बीळ करताना तिसरी. आणि एकाच घाटाचं बीळ चार वेगवेगळे प्राणी खणू शकतात. ट्रायलोबाइट हा आता नामशेष झालेला कवचधारी समुद्री प्राणी सरपटत गेल्याच्या मागाला क्रुझियाना म्हणतात आणि तसाच प्राणी जागच्या जागी रुतून बसल्याच्या खुणेला रुसोफायकस.

पण मालक ठाऊक नसला तरी जागा पक्की ठाऊक असते, आणि जुनं पर्यावरण शोधताना मी खुणांना जास्त वजन देतो ते यामुळे. हाड वाहून जातं. नदीच्या पुराने डोंगरातल्या प्राण्याचा सांगाडा मुखापर्यंत नेला, तर तो प्राणी मुखापाशी राहत होता असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. जुन्या खडकातला शिंपला झिजून सुटा होऊन नव्या गाळात जाऊन बसतो. बीळ असं उचलून नेता येत नाही. ते जिथे खणलं तिथेच असतं. कॉप्रोलाइट हा याला थोडा अपवाद, कारण घट्ट झाल्यावर तोही घरंगळू शकतो.

कोकणात ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर इवल्याशा खेकड्यांची बिळं आणि त्यांच्याभोवती पसरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या आपण पाहतो. गोळ्या पुढच्या भरतीत जातात. बिळात मात्र वेगळ्या रंगाचा किंवा जाडीचा गाळ भरला, तर बिळाचा साचा तयार होतो आणि लाखो वर्षांनी तो खडकात दंडगोलासारखा उठून दिसतो. ऑफिओमॉर्फा नावाच्या जीवाश्म बिळांच्या भिंतींवर बाहेरून गाठी गाठी दिसतात. कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्याने चिखलाच्या गोळ्या भिंतीत दाबून बसवल्याच्या त्या गाठी. असं लिंपण करावं लागतं ते वाळू सुटी आणि ढासळती असते म्हणून. त्यामुळे ती बिळं दिसली की भूवैज्ञानिकाच्या मनात उथळ, हलत्या वाळूचा किनारा येतो. जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ झायलाकर यांनी अशा खुणांच्या संचांवरून प्राचीन समुद्राचं वातावरण आणि खोली वाचण्याची पद्धत घडवली. लाटांच्या माऱ्यात प्राणी उभी, खोल बिळं करतात. शांत, खोल तळावर अन्न शोधत आडव्या, नागमोडी नक्षीने फिरतात.

ही पद्धतही अचूकच असते असं नाही. जबलपूरच्या लॅमेटा थरांतल्या बिळांच्या आधारे काही अभ्यासकांनी तिथे समुद्रकिनारा होता असं मांडलं. इतरांनी त्याच थरांत जुन्या मातीचे आणि मातीत तयार होणाऱ्या चुनखडी गाठींचे पुरावे दाखवून ते जमिनीवरचंच वातावरण ठरवलं. बिळांसोबत मातीची रसायनं आणि देहाचे जीवाश्मही पाहावे लागतात. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या आहेत. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तिथे तळी होती हे देहाच्या जीवाश्मांनीच सांगितलं.

वागण्याच्या प्रश्नावर मात्र खुणांपुढे हाडं फिकी पडतात. इथिओपियात १९७४ मध्ये मिळालेल्या, माणसाच्या प्राचीन नातलगांपैकी एका, ३२ लाख वर्षं जुन्या ‘लुसी’च्या गुडघ्याची आणि कंबरेची हाडं पाहून, ती दोन पायांवर चालत असणार, असं अनुमान निघालं. टांझानियात लेतोली इथे १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूला त्याहून जुनी, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं मिळाली. ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पावसाचा शिडकावा झाला आणि त्या ओल्या राखेवरून दोन पायांचे जीव चालत गेले. टाच खोल रुतलेली, अंगठा इतर बोटांच्या रांगेत. त्या थरावर पावसाच्या थेंबांचे खळगेही टिकलेत. हाडांनी शक्यता सांगितली होती, पावलांनी घटना दाखवली. डायनासोरांच्या बाबतीतही दोन पावलांमधलं अंतर आणि पावलाची लांबी यांवरून वेगाचा अंदाज काढतात. ते सूत्र मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये मांडलं.

आणि ज्यांना हाड किंवा कवचच नव्हतं, त्या मऊ शरीराच्या जिवांचं काय? बहुतेकांची आठवण फक्त बिळांत उरली. कँब्रियन कालखंडाची सुरुवात, म्हणजे सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वीची सीमा, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आखली आहे, आणि ती ओळखतात कृमीसारख्या जिवाने गाळात केलेल्या ट्रेप्टिक्नस पेडम या गुंतागुंतीच्या बिळावरून. पृथ्वीच्या इतिहासातली एवढी मोठी रेघ देहाच्या जीवाश्मावर न टेकता एका खुणेवर टेकली आहे.

कधीतरी दोन्ही एकत्र सापडतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातमध्ये डायनासोरच्या अंड्यांपाशी हाडं मिळाली होती. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आलं की त्यांतली काही हाडं सापाची आहेत. २०१० मध्ये ‘सनाजेह’ या नावाने वर्णन झालेला हा साप साडेतीन मीटर लांब होता. तो फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून होता आणि शेजारी डायनासोरचं नवजात पिल्लू होतं. सगळी हाडं देहाची, पण ती ज्या स्थितीत थिजली ती स्थिती वागणं सांगते.

शेतात किंवा नाल्यात असं काही दिसलं तर हा फरक प्रत्यक्ष उपयोगाला येतो. आधी एक खात्री करा: बेसाल्टच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ती बहुतेक वेळा मँगनीजच्या खनिजाची असते, दोन्हीपैकी कुठलाच जीवाश्म नसतो. गाळाच्या खडकात हाड किंवा बीळ वाटावं असं काही असेल, तर ते न हलवता शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, थराची वरची बाजू कोणती ते लिहा आणि जागेची नोंद करा. हलवलेल्या हाडातही प्राणी ओळखण्यापुरतं काही उरतं. थरातून उपटलेल्या बिळाची दिशा, खोली आणि शेजारच्या बिळांशी असलेलं अंतर मात्र गेलं की गेलंच. विदर्भात असाल तर नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं विभागीय मुख्यालय आहे आणि विद्यापीठाचा भूविज्ञान विभागही आहे. तो फोटो आणि जागेची नोंद त्यांच्याकडे पाठवता येते.