आयर्लंडची पहिली मे : जाळ आणि लोणी

१ मेला, म्हणजे ब्याल्टना या सणाला, आयर्लंडचा उन्हाळा सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात जमिनीचा खंड भरण्याचे दोन ठरलेले दिवस होते, १ मे आणि १ नोव्हेंबर. गायी पाळणाऱ्या कुळाचा खंड निघायचा तो लोण्यावर. मे महिन्याचे विधिनिषेध दुभत्याभोवती का गुंफले गेले, ते यातून कळते.

त्या दिवशी घरातून विस्तव, दूध, मीठ कुणाला द्यायचे नाही. पहाटे आपल्या विहिरीचे पहिले पाणी दुसऱ्याने भरले किंवा आपल्या कुरणावरचे दव फडक्याने टिपून नेले, तर वर्षाचे लोणी त्याच्या घरी गेले असे समजत. म्हणून आदल्या संध्याकाळीच उंबऱ्यावर आणि गोठ्याच्या दारात प्रिमरोजसारखी पिवळी फुले पसरत. घुसळण चालू असताना आलेल्या पाहुण्याने दांडा हाती घेऊन थोडे घुसळायलाच हवे, नाहीतर त्याच्यावर संशय.

लोणी न येण्याचे कारण बहुधा तापमान असे. साय साधारण १४ ते १६ अंश सेल्सिअसला हवी. थंड असली तर तासन्‌तास घुसळूनही लोणी येत नाही, गरम असली तर ते मऊ, ताक धरून ठेवणारे येते. शिवाय नव्या हिरव्या चाऱ्याने दुधातली चरबीच मऊ होते. थर्मामीटर नसलेल्या घरात दोष शेजारणीवर जाई, आणि हा अन्याय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला.

खरा वाद आहे तो जाळाचा. इ.स. ९०० च्या सुमारास रचलेल्या एका शब्दकोशात म्हटले आहे, की ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, मंत्र म्हणत दोन जाळ पेटवत आणि रोगराई टळावी म्हणून गुरे त्यांमधून हाकत. सतराव्या शतकातल्या एका इतिहासकाराने ही प्रथा आयर्लंडच्या मध्यभागातल्या उश्नाख टेकडीवरच्या मेळाव्याशी जोडली. १९२० च्या दशकात तिथे खोदकाम झाले, राखेचा थर सापडला आणि ग्रंथाला पुरावा मिळाला असे जाहीर झाले. पण राख मे महिन्याची की नोव्हेंबरची, हे राखेवरून ठरत नाही. चुलीची राख आणि विधीची राख वेगळी ओळखणेही सोपे नाही. २००९ पासून टेकडीवर पुन्हा जाळ पेटतो. त्याला अखंड परंपरा म्हणणे मला पटत नाही. गावोगावचे जाळ पश्चिमेकडे मुख्यतः २३ जूनच्या रात्री पेटत आले आहेत. लिमरिक शहरात मात्र ३० एप्रिलची होळी टिकून आहे.

१८८० नंतर क्रीमऱ्या, म्हणजे गावच्या दुधाचे लोणी काढणारे कारखाने, पसरल्या, घुसळण घराबाहेर गेली आणि लोणीचोरीची भीती हळूहळू ओसरली. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून या समजुती वह्यांत उतरवल्या. आज जे तपशील हाती आहेत त्यांतले पुष्कळसे तिथलेच. मेचे झुडूप, म्हणजे फिती आणि ईस्टरच्या अंड्यांची टरफले लावलेली हॉथॉर्न या काटेरी झुडपाची फांदी, पूर्वेकडच्या लेन्स्टर भागात अजून दारासमोर उभी करतात. ती घरात मात्र आणायची नाही. ती फुललेली असेलच असेही नाही : १७५२ मध्ये दिनदर्शिकेतून ११ दिवस वगळल्याने १ मे हॉथॉर्नच्या बहराआधीच येऊ लागली.