पान किती तापलंय?

'कोणतं वाण चांगलं ते आता ड्रोन सांगणार' अशा मथळ्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. ड्रोन असलं काही सांगत नाही, तो मोजतो. काय मोजतो ते कळलं, की बातमीपेक्षा कितीतरी सुंदर गोष्ट हाती लागते.

जनुकं वाचणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. भाताचा जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाला, त्याच्या सुमारे चाळीसपट मोठा गव्हाचा २०१८ मध्ये. पण हजार वाणांपैकी कडक उन्हात तग कोणतं धरेल, हे अजून रोपापाशी जाऊनच बघावं लागतं. रोपात दडलेला वारसा आणि प्रत्यक्ष उतरलेलं रूप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०९ मध्ये त्यांना जीनोटाइप आणि फेनोटाइप अशी दोन नावं दिली. घोडं अडलंय ते फेनोटाइपपाशी. उंची फूटपट्टीनं घ्यायची, फुटवे हातानं मोजायचे, दाण्यांचं वजन करायचं. पैदासकाराचं हे काम फार सावकाश चालतं.

ड्रोन मोजतो ती अशीच रूपातली लक्षणं, आणि त्यांत मला सगळ्यात भुरळ पडली आहे ती पानाच्या तापमानाची. पानावर पर्णरंध्रं, म्हणजे उघडमीट करणारी बारीक छिद्रं असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये बहुधा शंभर ते तीनशे. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४५० ज्यूल उष्णता निघून जाते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ सहा ग्रॅम बर्फगार पाणी उकळीला येईल. पान कागदासारखं पातळ, उष्णता साठवायला त्यात जागाच नाही. त्यामुळे रंध्रं मिटली की ते काही मिनिटांत तापतं, उघडली की गार होतं. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी रंध्रं उघडी आहेत की मिटलेली, हे दुरून तापमान घेऊन ओळखता येतं.

दुरून कसं? प्रत्येक वस्तू अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर टाकते आणि या एकूण प्रारणाची तीव्रता केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ३०० केल्विनच्या, म्हणजे २७ अंश सेल्सिअसच्या पानाचं तापमान एका अंशानं वाढलं, तर प्रारण सुमारे १.३ टक्क्यानं वाढतं. एवढासा फरक कॅमेऱ्यानं टिपायचा. त्यात पानाची उत्सर्जकता, म्हणजे आदर्श वस्तूच्या तुलनेत प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता, पूर्ण एक नसते, ०.९५ ते ०.९८ च्या आसपास असते, म्हणून थोडं आकाशाचं गार प्रतिबिंबही त्यात मिसळतं. ते वजा केल्याशिवाय आकडा खरा नाही.

आणि इथे ड्रोन खरा उपयोगी पडतो. दोन वाणांमधला फरक कित्येकदा जेमतेम एका अंशाचा असतो, तर एखादा ढग सरकला तरी पान तेवढं गार होतं. हातात तापमापक घेऊन पाचशे वाफे फिरायचे, तर पहिल्या आणि शेवटच्या वाफ्यात काही तास जातात आणि तोवर ऊनही बदललेलं असतं. अशा वेळी आपण वाणांची नाही, उन्हाची तुलना करत बसतो. ड्रोन सगळं शेत काही मिनिटांत टिपतो. वेळ वाचतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्या वाणांना एकच ऊन मिळतं.

या छायाचित्रांतले लाल-निळे रंग मात्र संगणकानं भरलेले असतात. ते 'वनस्पतीचं तेजोवलय' म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. किर्लियन छायाचित्रातलं, म्हणजे वस्तूला विजेचा उच्च दाब देऊन घेतलेल्या छायाचित्रातलं, पानाभोवतीचं वलयही त्या विजेनं हवेत उमटलेली चमक असते, आणि पानातला ओलावा बदलला की तीही बदलते. प्राण, ऊर्जा वगैरे त्यात काही नाही.

मेक्सिकोतल्या सिमिट या गहू-मका संशोधन केंद्रात दुष्काळी स्थितीत गव्हाची काही वाणं दुपारीही गार राहताना दिसली. त्यांची मुळं मातीत अधिक खोल उतरली होती. न खणता, वरून घेतलेल्या तापमानातून मुळांचा अंदाज! पण खाली पाणीच नसेल, तर हेच गार रोप ओलावा लवकर संपवतं आणि दाणा भरायच्या वेळी कोरडं पडतं. तिथे भर दुपारी रंध्रं मिटून घेणारं, म्हणजे छायाचित्रात तापलेलं दिसणारं रोप पैदासकार निवडतो.