विमानाचं वय वर्षांत मोजत नाहीत

आमच्या मालवणात खिडकीचे गज म्हणा, बाईकची चेन म्हणा, दोन पावसाळे झाले की गंज धरलाच. त्यामुळे ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा कट्ट्यावर पहिला प्रश्न हाच, की ह्या खाऱ्या हवेत विमानाचा पत्रा टिकतो कसा? ॲल्युमिनिअमला लाल गंज येत नाही, पण पांढरी पूड धरते आणि पत्रा खाल्ला जातोच.

म्हणून पत्रा सतत तपासावा लागतो, पण ह्या तपासणीची गोष्ट गंजाच्या आधी सुरू होते. १९५४ साली जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ, अशी दोन ब्रिटिश कॉमेट विमानं हवेतच तुटून समुद्रात पडली. मग ब्रिटिशांनी फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं, आत दाब भरायचा-सोडायचा, भरायचा-सोडायचा, आणि आधीच्या खऱ्या फेऱ्या धरून ३,०५७ व्या वेळी ते फाटलं. विमान वर गेलं की फुगतं, खाली आलं की बसतं, तार वाकवून-वाकवून तुटते ना तसंच, म्हणून वर्षांपेक्षा फेऱ्या मोजायच्या.

पण खारी हवा आणि फेऱ्या एकत्र आल्या की काय होतं ते कळलं २८ एप्रिल १९८८ ला, हवाईमध्ये. अलोहा एअरलाईन्सचं १९ वर्षांचं बोईंग ७३७, बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या, म्हणजे आपल्या एसटीसारखं दिवसभर चढ-उतार, एकूण ८९,६८० फेऱ्या झालेल्या. २४,००० फुटांवर पुढच्या छताचा साधारण १८ फूट तुकडा उडाला, एक हवाईसेविका गेली, बाकी ९४ जण वाचले, पायलटची कमालच. आणि पत्र्यांचे जोड तपासायचा सक्तीचा आदेश आधीच्याच वर्षी निघालेला! बोईंगने सगळे जोड तपासा म्हटलेलं, अमेरिकन सरकारी खात्याने सक्ती केली फक्त एका ओळीची, आणि फाटलं दुसऱ्याच ओळीत. चढताना एका प्रवासी बाईला चीर दिसलेली, पण ती बोलली नाही. आपणपण कुठे बोललो असतो म्हणा. त्यानंतर १९९१ मध्ये अमेरिकेत जुन्या विमानांसाठी वेगळा कायदाच आला.

ह्या सक्तीच्या आदेशाला एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणतात, लोक नुसतं 'एडी' म्हणतात. विमान ज्या देशात डिझाइन झालं तिथून तो निघतो, आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, लागू करतं, मुदत तासांत, फेऱ्यांत नाहीतर तारखेत, कधी कधी तर पुढच्या उड्डाणाआधीच. शिवाय इंजिनातल्या डिस्कसारखे काही भाग असतात ते चांगले दिसले तरी फेऱ्यांचा आकडा भरला की काढायचेच, तिथे 'अजून चालंल रे' नाही.

आपल्याकडचं उदाहरण इंडिगोचं. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतली टर्बाइनची पाती तुटून हवेतच इंजिन बंद पडायला लागली, तेव्हा १ नोव्हेंबर २०१९ ला डीजीसीएने सगळ्या ९७ निओ (एअरबस ए३२० चा नवा प्रकार) विमानांची इंजिनं ३१ जानेवारीपर्यंत बदला म्हणून सांगितलं, 'काही झालं तरी'. जानेवारीतच मुदत वाढवून ३१ मे केली.