टपकणारा घाम फुकट जातो

मे महिन्यातली पणजी. पारा 33 अंशांवर, तरी कदंब बसस्थानकावर उभ्या माणसाच्या कोपरावरून घामाचे थेंब टपटप पडत असतात आणि शर्ट पाठीला चिकटलेला. नागपूरचे पाहुणे 44 अंश सोसून आलेले. तेही इथे पंख्याखालची जागा सोडत नाहीत.

नर्सिंगच्या किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ‘घामाने शरीर थंड होतं’ हे वाक्य सगळेच पाठ करतात. ते अर्धवट आहे. थंडावा मिळतो तो घामाची वाफ होताना. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जमिनीवर टपकलेला थेंब जवळपास काहीच नेत नाही, उलट पाणी आणि मीठ तेवढं जातं.

वाफ किती होणार हे त्वचेवरच्या आणि हवेतल्या बाष्पदाबाच्या, म्हणजे पाण्याच्या वाफेच्या दाबाच्या, फरकावर ठरतं. 35 अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब पाऱ्याच्या साधारण 42 मिलिमीटर इतका असतो. 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेच्या हवेत तो 28 च्या आसपास, म्हणजे फरक 14. हवा 44 अंशांची पण आर्द्रता 20 टक्केच असेल, तर फरक 28, थेट दुप्पट! त्या हवेची झळ शरीरात शिरते ती वेगळी, पण घाम निदान उडतो तरी.

घाम ग्रंथीत तयार होतो तेव्हा रक्तद्रवाइतकाच खारट असतो; नळीतून वर येताना सोडियम परत शोषलं जातं. आठ-पंधरा दिवस उन्हात काम केलं की अल्डोस्टेरॉन या मीठ राखणाऱ्या संप्रेरकामुळे ही बचत वाढते. तरीही मीठ जातंच, म्हणून शेतावरची मीठ घातलेली पेज मला कुठल्याही थंड पेयापेक्षा शहाणी वाटते. तिच्यातल्या स्टार्चचं आतड्यात ग्लुकोज होतं, ते सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि मागोमाग पाणी. ओआरएसचंही तत्त्व हेच.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात ती गंमत राहिली. घामग्रंथींच्या चेता (नसा) सिम्पथेटिक, म्हणजे धावपळीच्या-भीतीच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या जाळ्यातल्या, पण त्या या जाळ्याचं नेहमीचं रसायन नॉरअॅड्रेनॅलिन नव्हे, अॅसिटिलकोलीन सोडतात. म्हणूनच अॅसिटिलकोलीनचं काम अडवणाऱ्या अॅट्रोपिन या औषधाने घाम बंद होतो. अॅट्रोपिन दिलेल्या लहान मुलाचं अंग तापलं आणि कातडी लाल, कोरडी दिसली, तर संसर्गासोबत या औषधाचाही संशय घ्यायला हवा.