पार्श्वभूमी: गाडलेल्या टाक्या आणि त्यांच्यामागून आलेला कायदा

पेट्रोल पंपाची टाकी जमिनीत पुरायची ही पद्धत आगीच्या भीतीने पडली. उघड्यावरची टाकी पेटली तर शेजारची वस्ती धोक्यात. मातीखाली ना ठिणगी ना ऊन. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी आणि महामार्ग वाढले, तसे गावोगाव पंप उभे राहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात साध्या पोलादाच्या टाक्या गेल्या. त्यांना गंजापासून वाचवणारा लेप नव्हता. ओल्या मातीत असे पोलाद पंधरा-वीस वर्षांत ठिकठिकाणी छिद्रे धरते. टाकीत पट्टी बुडवून रोज घेतल्या जाणाऱ्या मापात, म्हणजे डिपमध्ये, दिसणारी थोडीशी तूट तापमानाच्या किंवा मापाच्या फरकावर ढकलली जाई.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते झिरपत जाऊन भूजलाच्या पृष्ठभागावर पसरते. त्यातले बेंझीन मात्र पाण्यात विरघळते. ते कर्करोगकारक आहे, आणि अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे अवघी ५ मायक्रोग्रॅम आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउन नावाचे गाव आहे. १९७७ मध्ये तिथे एका पंपाची टाकी गळल्याचे कळले. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी जवळच होत्या आणि जमीन सगळी वाळूची. विहिरी बंद ठेवण्यावाचून इलाज उरला नाही.

अशा वेळी दाद मागायची कोणाकडे? १९८० चा ‘सुपरफंड’ कायदा विषारी जागांच्या सफाईसाठीच झाला होता, पण त्यातल्या ‘घातक पदार्थां’च्या व्याख्येतून कच्चे तेल आणि पेट्रोलियम पदार्थ वगळलेले होते. रासायनिक कचऱ्याच्या खड्ड्यासाठी निधी होता, पेट्रोलने नासलेल्या विहिरीसाठी नव्हता. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील हाच.

१९८३ च्या शेवटी दूरचित्रवाणीने गळणाऱ्या टाक्यांचा विषय घराघरांत नेला आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हलली. नोव्हेंबर १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या दुरुस्त्यांनी घनकचरा कायद्यात भूमिगत टाक्यांचे स्वतंत्र प्रकरण घातले. पुढच्याच वर्षी गंजरोधक संरक्षण नसलेली नवी पोलादी टाकी पुरायला बंदी आली, आणि पर्यावरण संरक्षण संस्थेत, म्हणजे ईपीएमध्ये, फक्त टाक्यांसाठी वेगळे कार्यालय उघडले. टाक्यांची नोंदणी झाली तेव्हा आकडा वीस लाखांच्या पुढे गेला.

आता प्रश्न पैशांचा होता. १९८६ मध्ये इंधनावर गॅलनमागे सेंटचा दहावा भाग कर लावून गळती निवारण निधी उभारला गेला. मालक सापडत नसेल किंवा तो कफल्लक असेल, तिथे या निधीतून सफाई करायची. १९८८ च्या नियमांनी पंपवाल्यांवर आणखी एक अट घातली: गळती झाली तर भरपाईची ऐपत आधीच दाखवा, साधारण प्रत्येक घटनेमागे दहा लाख डॉलरची. जुन्या गंजक्या टाकीला विमा कंपनी दारात उभे करीना. म्हणून बहुतेक राज्यांनी आपापले निधी काढले, आणि त्यांत भर पडली ती मुख्यतः इंधनावरच्या शुल्काची. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व ऐकायला चांगले. इथे ती किंमत गाडीत पेट्रोल भरणाऱ्या प्रत्येकाने थोडी थोडी मोजली. तरी टाक्या उकरल्या गेल्या त्या यामुळेच, असे माझे मत.

याच नियमांनी जुन्या टाक्यांना दहा वर्षांची मुदत दिली. २२ डिसेंबर १९९८ पर्यंत गंज, सांडणे आणि काठोकाठ भरून वाहणे, तिन्हींवर उपाय करा, नाहीतर टाकी बंद करा. खर्च न झेपणारे छोटे पंप गाशा गुंडाळून गेले.

मुदत संपायच्या आतच दुसरे संकट आले, तेही पर्यावरणाच्याच नावाने. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीने प्रदूषित शहरांतल्या पेट्रोलमध्ये प्राणवायूयुक्त पदार्थ मिसळणे भाग पडले आणि कंपन्यांनी एमटीबीई निवडला. हा पदार्थ बेंझीनपेक्षा कितीतरी सहज विरघळतो, पाण्याबरोबर दूरवर जातो, मातीतल्या जिवाणूंना लवकर पचत नाही आणि अगदी कमी प्रमाणातही पाण्याला उग्र वास देतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला पाणीपुरवठ्याच्या निम्म्या हिश्श्यावर पाणी सोडावे लागले. हवा सुधारायला घातलेले द्रव्य जुन्या टाक्यांच्या छिद्रांतून पाण्यात उतरले. २००५ च्या ऊर्जा कायद्याने प्रत्येक टाकीची तीन वर्षांतून एकदा तपासणी आणि चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण सक्तीचे केले, नियम मोडणाऱ्याला इंधन न देण्याची तरतूद केली. एमटीबीईची जागा पुढे इथेनॉलने घेतली.

आज अमेरिकेत नियमाखालच्या टाक्या साडेपाच लाखांच्या आसपास उरल्या आहेत. आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली, त्यांतल्या पाच लाखांहून जास्त जागांची सफाई पूर्ण झाल्याचे ईपीए सांगते. यातल्या ‘पूर्ण’ या शब्दाकडे जरा सावधपणे पाहावे. १९९५ च्या सुमारास, बेंझीनचा फैलाव बहुतेक ठिकाणी काही शे फुटांतच थांबतो, असे अभ्यास आल्यावर, सगळी माती उपसण्याऐवजी धोका पाहून जागा निसर्गावर सोपवण्याची पद्धत रूढ झाली. खर्च वाचला; काही पेट्रोल मात्र अजून खालीच आहे.

सरकारची स्वतःची टाकी असली की कायदा किती हळू चालतो, ते हवाईत दिसले. होनोलुलूजवळ रेड हिल इथे नौदलाने १९४० ते १९४३ दरम्यान डोंगरात वीस टाक्या कोरल्या, प्रत्येकी सव्वा कोटी गॅलनच्या, आणि त्याही भूजल साठ्याच्या जेमतेम शंभर फूट वर. २०१४ मध्ये एका टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन इंधन गेले, तरी हा इंधनतळ चालूच राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये लष्करी वसाहतींच्या नळांतून इंधनाचा वास येऊ लागला. सुमारे ९३ हजार लोकांचे पाणी त्या यंत्रणेवर होते. मार्च २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी तळ रिकामा करून बंद करण्याचा आदेश दिला.

भारताची वाट निराळी. आपला पेट्रोलियम कायदा १९३४ चा, त्यामागे १८९९ चा, आणि दोघांच्या मनात आग. आजही २००२ च्या नियमांत इंधनाची वर्गवारी ते किती तापमानाला पेट घेते यावरून होते: २३ अंशांखाली ‘अ’ वर्ग, त्यात पेट्रोल. परवाना देते नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे पूर्वीचा विस्फोटक विभाग. मोठ्या सुधारणाही आगीनंतरच्या. ऑक्टोबर २००९ मध्ये जयपूरच्या सीतापुरा इथला इंडियन ऑईलचा साठा पेटला, अकरा जण गेले, मग एम. बी. लाल समितीच्या शिफारशी आल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर विजेने डिझेलची टाकी पेटली, ती विझायला काही दिवस लागले.

पाण्याचा विचार इथे राष्ट्रीय हरित लवादाच्या रेट्याने शिरला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांना शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून ५० मीटर अंतराची अट घातली आणि बाष्प पुन्हा टाकीत ओढून घेणाऱ्या यंत्रणेचे निकष दिले. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. त्यांत संशयित जागा शोधायच्या, जबाबदार कोण ते ठरवायचे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा असा क्रम आहे. जबाबदार सापडलाच नाही तर भार केंद्र आणि राज्यांवर. पंपांसाठी मात्र गॅलनमागच्या त्या कराच्या धर्तीवरचा वेगळा निधी त्यात नाही.