44 अंश, पण लाट नाही

जळगाव-भुसावळचं ऊन इथल्या कुणाला समजावून सांगायला नको. पण तापमानवाढीने पुढे आरोग्यावर काय ओढवणार, हा प्रश्न खानदेशात ‘लाट’ या एका शब्दापाशी येऊन अडतो.

1906 मध्ये खानदेश जिल्ह्याची पूर्व-पश्चिम वाटणी झाली, त्या सुमारास भीती होती ती नवापूरकडच्या रानातल्या हिवतापाची. ऊन लोकांनी सवयीत बसवलं होतं. 2010च्या मे महिन्यात शेजारच्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे 1,300 माणसं जास्त दगावली, तेव्हा कुठे ऊन हा आरोग्याचा विषय ठरला. तिथला उष्णता आराखडा 2013चा.

हवामान खात्याच्या व्याख्येत सपाटीवर किमान 40 अंश तापमान आणि ते सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी जास्त, म्हणजे लाट. जळगावची मे महिन्याची सरासरीच 42च्या आसपास. म्हणजे या हिशेबाने पारा साडेशेहेचाळीसला जायला हवा. 45 झालं तर सरासरी न बघता लाट धरतात, हा त्यातला दिलासा. पण सलग आठ दिवस 44 राहिलं, तर व्याख्येपुरतं काहीच घडलेलं नसतं. कोकण किनाऱ्याला मात्र 37 अंशांपासूनच विचार सुरू होतो. दमटपणामुळे ते योग्यच आहे, पण रावेर-यावलच्या केळीबागांतही पाणी भरलेलं असतं आणि त्याच दमटात मजूर घड वाहतात. रात्री घर निवत नाही, तेव्हा शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. ते या आकड्यात येत नाही.

शब्दामागे पैसाही आहे. आपत्ती मदतीच्या केंद्रीय यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. ती घालण्याची राज्यांची मागणी 2021-26 साठीच्या वित्त आयोगाने मान्य केली नाही. स्थानिक आपत्ती म्हणून राज्याच्या आपत्ती निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत खर्चाची मुभा तेवढी राहिली. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता.

नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांना वेदनेचे झटके येतात. त्यांच्यासाठी 42 अंशही पुरतात. जगभराचा अंदाज 2030 ते 2050 या काळात दरवर्षी अडीच लाख जादा मृत्यूंचा आहे, त्यात उन्हाबरोबर कुपोषण, हिवताप आणि हगवणही धरली आहे. धडगाव-अक्कलकुव्याला यातलं काहीच नवं नाही. केळीबागेत कोसळलेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत अंग निवलेलं असतं आणि कागदावर हृदयविकार लिहिला जातो.