सेंद्रिय पदार्थ आणि सेंद्रिय कर्ब: डोंगरी जंगलाच्या मातीतला घोळ

डोंगरावरच्या जंगलात पाचोळा हाताने बाजूला सारून पाहा. वर अख्खी पानं, खाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी चिकटलेले तुकडे, आणि त्याखाली बोटं काळी करणारा थर, ज्यात पान कुठलं नि काडी कुठली ते कळत नाही. उंचावर थंडीमुळे सूक्ष्मजीवांचं काम मंदावतं, म्हणून हे थर साचत जातात. हे सगळं सेंद्रिय पदार्थ. त्यात कर्बासोबत ऑक्सिजन, हायड्रोजन, नत्रही आलं. सेंद्रिय कर्ब म्हणजे त्यातला फक्त कर्ब, वजनाने साधारण निम्मा.

अहवालांत मात्र दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी सर्रास बसवले जातात. त्यासाठी 1.724 हा गुणक वापरतात: कर्बाला त्याने गुणलं की पदार्थ, पदार्थाला भागलं की कर्ब. पदार्थात 58 टक्के कर्ब असतो, हे त्यामागचं जुनं गृहीतक. अर्धवट कुजलेल्या जंगली थराला ते फारसं लागू पडत नाही. तिथे 2 हा गुणक जास्त जवळचा. 10 टक्के सेंद्रिय पदार्थ असेल, तर एका हिशेबाने कर्ब 5.8 टक्के, दुसऱ्याने 5. माती तीच! म्हणून माझ्या मते नुसता आकडा वाचू नये, मोजलं काय ते आधी विचारावं.

कारण मोजण्याच्या रीतीही वेगळ्या. 550 अंशांच्या भट्टीत माती जाळून घटलेलं वजन धरलं, तर मिळतो सेंद्रिय पदार्थ. पण चिकणमातीच्या खनिजांत अडकलेलं पाणीही तेव्हाच उडतं आणि आकडा फुगतो. 1934 पासूनच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेट या रसायनाने थेट कर्ब मोजतात, पण त्यातला सरासरी 77 टक्केच हाती लागतो. चुनखडीच्या डोंगरात आणखी एक भानगड: यंत्रात माती पूर्ण जाळली, की चुन्यातला कर्बही मोजला जातो. आधी आम्लाने तो घालवावा लागतो.

आणि टक्केवारी म्हणजे साठा नव्हे. कर्ब 5 टक्के, घनता दर घनसेंटीमीटरला 0.8 ग्रॅम, खोली 30 सेंटीमीटर धरली, तर हेक्टरी 120 टन होतात. पण प्रयोगशाळेत जाते ती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गळालेली माती. गोटे वरच राहतात. जमिनीचा 40 टक्के भाग गोट्यांनीच व्यापलेला असेल, तर हातात उरतात 72 टन.